वाफ धरते कुठे? : नंबरचा चष्मा, हिवाळा आणि सायकल यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना मी ‘ताई’च म्हणणार आहे, कारण आमच्या सायकल गटात त्यांना सगळे तेच म्हणतात. वय ४३, नोकरी प्रयोगशाळेत, दोन्ही डोळ्यांना उणे साडेचारचा नंबर आणि वर थोडा सिलिंड्रिकल. गेली काही वर्षं एप्रिल ते ऑक्टोबर सायकल आणि बर्फ पडायला लागला की बस, असा त्यांचा नेम होता. ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात त्यांनी बसचा पास काढलाच नाही.

घर ते काम अंतर ९ किलोमीटर. पहिले दोन किलोमीटर वस्तीतून, दोन सिग्नल. मग रेल्वेखालचा भुयारी रस्ता. त्यानंतर नदीकाठची तीन किलोमीटरची उघडी वाट, जिथे वारा थेट तोंडावर येतो. शेवटी एका पुलाची चढण, पलीकडचा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी सायकल-वाटेवर गाड्या शिरू नयेत म्हणून रोवलेला खांब. हा खांब लक्षात ठेवा. सकाळी निघायची वेळ अंधाराची, परतायची वेळ मावळतीच्या तिरप्या उन्हाची. तापमान साधारण अधिक २ ते उणे १२ अंश.

सायकलची तयारी मात्र नाव ठेवायला जागा नाही अशी होती. कार्बाइडचे खिळे बसवलेले टायर, पुढे-मागे दिवे, साखळीला ओलसर हवेत टिकणारं तेल. अंगावर जाड जॅकेट, आत स्वेटर, त्याच्या आत आणखी एक लोकरी बनियन, डोक्याला नाक-तोंड झाकणारी माकडटोपी, वर हेल्मेट, हाताला दोन बोटं एकत्र ठेवणारे जाड मोजे. आणि डोळ्यांवर रोजचाच, धातूच्या बारीक फ्रेमचा घरातला चष्मा. टायरवर महिनाभर अभ्यास केला होता, डोळ्यांचा विचार पाच मिनिटंही झाला नव्हता. हे मी दोष म्हणून सांगत नाही. हिवाळी सायकलिंगमध्ये बहुतेकांचं असंच होतं, कारण घसरून पडण्याची भीती आधी वाटते. दिसेनासं झालं तर काय, हे अनुभव आल्यावरच सुचतं.

काय घडलं

तक्रारी पहिल्या आठवड्यातच सुरू झाल्या होत्या. नदीकाठी पोचलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी, सिग्नलला थांबलं की काचांवर पांढरी वाफ. तापमान उणे ५ च्या खाली गेलं की ही वाफ काचेवरच गोठायची, म्हणजे ती पुसली तरी नुसती फराटे होऊन पसरायची. ताईंनी त्यावर तोडगा काढला तो असा : चष्मा नाकावर खाली ओढायचा आणि वरून बघायचं.

आता साडेचारच्या नंबरला चष्म्याविना स्पष्ट दिसतं ते जेमतेम २२ सेंटिमीटरपर्यंत. त्यापलीकडे जग असतं, पण त्याला कडा नसतात.

एका सकाळी, उणे ८ तापमानात, पुलाची चढण संपता संपता दोन्ही काचा बंद झाल्या. उतार समोर, चष्मा खाली ओढलेला, डोळ्यांत वाऱ्याने पाणी आणि डाव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस एकमेकांना चिकटलेले. उतारावर वेग ताशी १८ किलोमीटर धरला तरी सेकंदाला पाच मीटर होतात. डोळा चोळायला दोन सेकंद लागले असतील. तेवढ्यात दहा मीटर गेले आणि उजवा हँडल त्या खांबाला लागला. ताई बर्फात पडल्या, कोपर सुजलं, आरसा तुटला. मागून कोणी येत नव्हतं म्हणून एवढ्यावरच निभावलं.

त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. “दादा, टायर घसरला नाही हो. मला खांब दिसलाच नाही.”

नेमका प्रश्न काय होता

आज मागे वळून बघताना इथे तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. तेव्हा मला एकच दिसला, ‘चष्मा चांगला नाही’ हा, आणि तिथेच माझं चुकलं.

पहिला प्रश्न वाफेचा. आपला उच्छ्वास साधारण ३४ अंशांचा आणि जवळजवळ पूर्ण दमट असतो. त्या तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. उणे ८ च्या हवेत तीन ग्रॅमही मावत नाही. असा श्वास थंड काचेला लागला की उरलेलं पाणी तिथेच बसणार. कोणती काच, कोणती कंपनी, किती महाग, याने यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी : श्वास काचेपर्यंत पोचतो का, आणि पोचलाच तर त्याला वाहून न्यायला हवा खेळती आहे का.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. उणे ८ तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा तोंडावर आला तर उघड्या कातडीला तो उणे १५ सारखा जाणवतो, आणि सायकलवर एवढा वारा आपण स्वतःच तयार करतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात थंडी ओळखणारे मज्जातंतू असतात. अश्रूंचा पातळ थर वाऱ्याने वाळून गार पडला की ते तंतू चाळवतात आणि डोळा पाण्याने भरतो. लक्ष देऊन बघताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे वाळण्याचा वेग आणखी वाढतो. सायकलवर तर लक्ष द्यावंच लागतं.

तिसरा प्रश्न उजेडाचा. सकाळी काळोख, परतताना डोळ्यांवर येणारं तिरपं ऊन आणि बर्फावरची तिरीप. एकच काच या दोन्ही वेळांना कशी पुरावी?

पर्याय

गटात चर्चा झाली तेव्हा पाच पर्याय पुढे आले.

आहे तोच चष्मा ठेवायचा आणि हेल्मेटखाली पुढे चोच असलेली पातळ टोपी घालायची. स्वस्त आणि सोपा मार्ग. टोपीची चोच ऊन आणि पडणारा बर्फ अडवते, पण वारा बाजूने येतोच.

कॉन्टॅक्ट लेन्स घालायच्या आणि वर साधा, पांढऱ्या म्हणजे बिनरंगी काचांचा, बाजूंनी वळलेला सायकल-चष्मा. नजर सगळीकडून मोकळी, नंबरच्या काचेवर वाफ धरण्याचा प्रश्नच नाही. थंडीत लेन्स डोळ्यातच गोठते, असं कोणीतरी ठामपणे सांगितलं. तसं होत नाही. डोळ्याची आणि अश्रूंची ऊब तिला असते. खरी अडचण कोरडेपणाची, आणि ती ताईंच्या बाबतीत मोठी ठरणार होती. ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

चष्म्यावरून घालायचा स्की-गॉगल. मराठीत काळ्या चष्म्यालाही गॉगल म्हणतात म्हणून खुलासा : हा तो, जो फोमच्या गादीने चेहऱ्याला चिकटून बसतो आणि हेल्मेटवरून पट्टा घेतो. वारा पूर्ण बंद.

नंबर घातलेला, बाजूने वळलेला खेळाचा चष्मा. खर्च जास्त, करून मिळायला वेळ. उणे साडेचारच्या नंबरला फार वळणाची फ्रेम घेतली तर कडेचं जग वाकडं दिसतं, म्हणून बेताचंच वळण घ्यावं लागतं.

आणि शेवटचा, जो चर्चेत नेहमी थट्टेवारी जातो पण जाऊ नये : ठरावीक तापमानाच्या खाली सायकल काढायचीच नाही.

पहिला निर्णय, आणि तो माझा होता

मी तिसरा पर्याय सुचवला. नुसता सुचवला नाही, माझा स्वतःचा गॉगल ताईंना नेऊन दिला. मी तो तीन हिवाळे वापरला होता आणि मला एकदाही त्रास झाला नव्हता.

माझ्या या शिफारशीत दोन भोकं होती. एक, मला चष्मा नाही. दोन, मी हिवाळ्यात सायकल चालवतो ती सुट्टीच्या दिवशी भर दुपारी. त्या गॉगलची काच आरशासारखी, तिसऱ्या श्रेणीची होती. म्हणजे जेमतेम ८ ते १८ टक्के उजेड आत सोडणारी. ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी काच रात्री वाहन चालवायला योग्य धरली जात नाही, आणि मी ती पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या बाईंना देऊन आलो. नदीकाठी दिवे नाहीत. पहिल्याच दिवशी अर्धा किलोमीटर गेल्यावर त्यांनी तो काढून गळ्यात अडकवला.

मग मी पिवळसर, भरपूर उजेड सोडणारी काच त्यात बसवून दिली. उजेडाचा प्रश्न मिटला. वाफेचा दुप्पट झाला. गॉगलची बाहेरची काच दुहेरी होती, दोन थरांमध्ये हवा, त्यामुळे ती स्वच्छ राहायची. पण आत चष्मा होता, एकेरी काचेचा, कोंडलेल्या दमट हवेत. तो पांढरा झाला की पुसणार कसा? जाड मोजे काढा, गॉगल वर करा, चष्मा काढा. पुलाच्या चढणीवर हे शक्य नाही. शिवाय वर केलेला गॉगल कपाळाच्या घामावर बसला की तोही आतून ओला.

आणखी दोन गोष्टी ताईंनीच दाखवल्या. गॉगलच्या वरच्या कडेने हेल्मेट मागे ढकललं जात होतं. भुवयांच्या वर दोन बोटं असायला हवं ते चार बोटं वर गेलं होतं, म्हणजे पडलं तर कपाळ उघडं. आणि फ्रेमची जाड कड बाजूची नजर कापत होती. वळण्याआधी मागे बघताना नुसतं डोळे फिरवून भागत नव्हतं, अख्खी मान वळवावी लागत होती, आणि मान वळवली की बर्फावर सायकल डगमगते.

चार दिवसांनी गॉगल परत आला. सोबत एक वाक्य : “दादा, तुम्ही एका दमात तीन गोष्टी बदलल्यात. आता बिघडलंय कशामुळे ते कळणार कसं?”

वही

इथून प्रकरणाला वळण लागलं, आणि ते श्रेय ताईंच्या पेशाचं. प्रयोगशाळेत काम करणारी बाई. त्यांनी एक वही काढली. प्रत्येक फेरीला पाच रकाने : तापमान, वाऱ्याची दिशा, अंगावर काय होतं, वाफ कुठे धरली, डोळ्यांत पाणी कुठे आलं. नियम एकच, एका वेळी एकच बदल, आणि तो निदान चार फेऱ्यांना कायम.

‘कुठे’ हा रकाना मला सुचला नसता. मी विचारत होतो, वाफ धरते का, किती धरते. त्या लिहीत होत्या, वाफ कुठे धरते. पहिल्या पाच फेऱ्यांत वाफेच्या १४ नोंदी होत्या. त्यातल्या एकूण एक दोन सिग्नलांवर आणि पुलाच्या चढणीवर. नदीकाठी, जिथे थंडी सगळ्यात जास्त, तिथे एकही नाही. आणि पाणी येण्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदी नदीकाठच्या.

एवढं कागदावर आल्यावर गुंता सुटायला लागला. वाफ धरते ती वेग नसताना किंवा धाप लागलेली असताना. पाणी येतं ते वाऱ्यात. दोन वेगळे आजार, आणि आपण दोन्हींवर एकच गोळी शोधत होतो.

टिश्यूची चिंधी

एका रविवारी ताईंच्या इमारतीच्या थंडगार जिन्यात आम्ही एक साधी चाचणी केली. त्यांनी सगळा जामानिमा चढवला : माकडटोपी, हेल्मेट, जॅकेट गळ्यापर्यंत बंद. मी टिश्यू पेपरची बोटभर चिंधी त्यांच्या नाकाच्या दांडीपाशी, माकडटोपीच्या वरच्या कडेजवळ धरली आणि म्हटलं, चढण चढल्यासारखा श्वास सोडा.

चिंधी सरळ वर उडाली. चष्म्याच्या खालच्या कडेवर जाऊन थडकली.

माकडटोपीचं कापड दाट विणीचं होतं. तोंडासमोर ते श्वासाने आधीच ओलं होऊन गोठलेलं, त्यातून हवा बाहेर जात नव्हती. मग ती सापडेल तिथून वाट काढत होती, आणि सगळ्यात सोपी वाट नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीतून वर, थेट काचेवर. ताईंनी टोपीचं कापड नाकाखाली ओढलं आणि पुन्हा श्वास सोडला. चिंधी लटकत राहिली.

दुसरी गोष्ट मी शोधत नव्हतो, ती आपोआप सापडली. जॅकेटची चेन दोन इंच उघडल्याबरोबर गळ्यातून वाफेचा लोट वर आला. तीन मजले चढल्याने अंगात घाम होता आणि ती ऊबदार दमट हवा कॉलरमधून हनुवटीवरून वर जात होती. म्हणजे श्वास एकटाच दोषी नव्हता, जास्तीचा स्वेटरही होता. हिवाळ्यात सायकल काढताना पहिली पाच-सात मिनिटं अंगाला गार लागलं पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर दुसऱ्या किलोमीटरला घाम येणार. हे वाक्य आम्ही सगळ्यांना सांगतो. डोळ्यांशी त्याचा संबंध आहे हे मला त्या जिन्यात कळलं.

दुसरी फेरी

बदल एकेक करून झाले, आणि क्रम वहीत आहे.

माकडटोपी गेली. तिच्या जागी हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी आणि गळ्यात सैल विणीचा बफ, म्हणजे नळीसारखा गळपट्टा, हनुवटी आणि तोंडापर्यंत, नाक मोकळं. फार थंडीच्या दिवसांसाठी नाकावर वाकवायची मऊ पट्टी असलेला, तोंडासमोर झरोके असलेला मुखपट्टा वेगळा ठेवला.

मधला स्वेटर गेला. जॅकेटची चेन चढणीच्या पन्नास मीटर आधी उघडायची, उतारावर बंद करायची. चढणीला आणखी हलका गिअर, म्हणजे धाप कमी.

सिग्नलला थांबायच्या आधी चष्मा नाकावर एक सेंटिमीटर पुढे घ्यायचा, म्हणजे काच आणि चेहरा यांत हवा खेळते. चाकं फिरायला लागली की परत मागे. ही सवय लागायला आठवडा गेला. ताईंच्या मते यात जाड मोज्यांची सगळ्यात जास्त अडचण झाली, आणि त्यांनी शेवटी हँडललाच बसणारी मोठी आवरणं घेतली, ज्यांच्या आत पातळ मोजे पुरतात. डोळ्यांच्या प्रकरणात हातमोजे बदलावे लागले, हे मी कुठल्या यादीत वाचलं नव्हतं.

एवढं झाल्यावर, चष्मा तोच जुना असताना, पुढच्या पाच फेऱ्यांत वाफेच्या नोंदी ३. आधीच्या १४.

तेव्हा एक खरा निर्णयाचा क्षण आला : आता नवा चष्मा घ्यायचा की नाही? माझं मत ‘थांबा’ असं होतं. ताईंनी वहीचा पाचवा रकाना दाखवला. नदीकाठचं पाणी तसूभरही कमी झालेलं नव्हतं.

डॉक्टरांकडे

नव्या चष्म्यासाठी नंबर तपासायला म्हणून त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि तिथे वेगळंच निघालं. त्यांचे डोळे मुळात कोरडे होते. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यावर तेलाचा अगदी पातळ थर असतो, तो पाणी उडून जाऊ देत नाही, आणि हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. ताईंच्या त्या ग्रंथी तुंबल्या होत्या. झाकण नसलेल्या भांड्यातलं पाणी जसं उडतं तसं होत होतं, आणि कोरडा पडलेला डोळा घाबरून एकदम पाणी सोडत होता. डोळे कोरडे म्हणून डोळ्यांत पाणी. ऐकायला उलटं वाटतं, पण वाऱ्यात सायकल चालवणाऱ्यांत हे अगदी नेहमीचं आहे.

डॉक्टरांनी त्यांना रोज रात्री दहा मिनिटं पापण्यांना गरम शेक, हलका मसाज आणि परिरक्षक (औषध टिकवणारं रसायन) नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब सांगितले. कॉन्टॅक्ट लेन्सला निदान त्या हिवाळ्यापुरतं ‘नको’. म्हणजे गटातल्या निम्म्या लोकांचा आवडता पर्याय बाद. आम्ही चर्चेत तासभर घालवला होता त्यावर.

थेंबांची छोटी कुपी खिशात ठेवली तर गोठते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती जॅकेटच्या आतल्या खिशात.

डॉक्टरांनी आणखी एक ताकीद दिली, ती इथे नोंदवून ठेवतो. डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, उजेड सहन होईना, किंवा मिटून उघडलं तरी अंधूकपणा जाईना, तर थेंबांवर वेळ काढायचा नाही. रस्त्यावर टाकलेली वाळू आणि मीठ उडून बुबुळावर ओरखडा पडू शकतो. बर्फावरच्या उन्हाचा चटका तर काही तासांनी जाणवतो, तोवर माणूस घरी पोचलेला असतो आणि कारण विसरलेला असतो.

काच निवडताना

फ्रेम प्लास्टिकची, कारण धातूची कातडीला चटके देत होती. वळण बेताचं. आतून काढता येणारी मऊ रबरी कड, जी वारा अडवते पण वर-खाली फटी ठेवते. काच पॉलिकार्बोनेटची, आतल्या बाजूला वाफरोधक लेप. इथवर मतभेद नव्हते.

वाद झाला तो रंगावर. दुकानदाराने उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा सुचवल्या आणि सकाळचा अंधार अधिक परतीचं ऊन या गणिताला त्या अगदी चपखल वाटतात. पण या काचांचा एक स्वभाव आहे : थंडीत त्या जास्त गडद होतात आणि परत पांढऱ्या व्हायला जास्त वेळ घेतात. आता ताईंचा परतीचा रस्ता आठवा. तिरप्या उन्हातून थेट रेल्वेखालच्या भुयारात. काच गडद, भुयार काळं, आणि भुयाराच्या तोंडाशी गळणाऱ्या पाण्याचा बर्फ. नको म्हटलं.

पोलराइज्ड काचाही नाकारल्या. त्या रस्त्यावरची चकाकी मारतात, हाच त्यांचा गुण. पण हिवाळ्यात रस्त्यावरचा पारदर्शक बर्फ आपल्याला ओळखू येतो तो त्याच्या चकाकीनेच. शिवाय त्यातून हँडलवरचा स्क्रीनही काळा दिसू शकतो.

शेवटी साध्या पांढऱ्या काचा. पॉलिकार्बोनेट अतिनील किरण रंगाविनाही अडवतं, तेव्हा रंग फक्त डोळे दिपू नयेत म्हणून लागतो. ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत उसळतात आणि त्यांच्यासोबत उजेडही, म्हणून चोचवाली टोपी असली तरी खालून येणाऱ्या उजेडाचं काय, हा प्रश्न उरतो. त्यासाठी वरून अडकवायची फिकट तपकिरी काच घेतली. ती भुयाराआधी चटकन काढता येते.

चष्मा करून मिळायला तीन आठवडे लागले.

निष्पत्ती

नव्या चष्म्यानंतर नदीकाठचं पाणी पूर्ण गेलं नाही, पण चेहरा पुसायला थांबावं लागणं बंद झालं. किती श्रेय रबरी कडेचं आणि किती गरम शेकाचं, हे वही सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकाच पंधरवड्यात सुरू झाले. ताईंनी स्वतःचा नियम तिथे मोडला आणि त्याची नोंद वहीत लाल शाईने केली आहे.

मार्चअखेरपर्यंत त्यांनी सहा दिवस सायकल काढली नाही. चार दिवस गोठणाऱ्या पावसामुळे, दोन दिवस डोळे लाल होते म्हणून. म्हणजे पाचवा, थट्टेतला पर्यायही वापरला गेलाच.

उणे १० च्या खाली सिग्नलला काचेच्या खालच्या भागावर अजूनही वाफ धरते. तेवढी त्यांनी मान्य केली आहे. वरचा भाग स्वच्छ राहतो आणि रस्ता तिथूनच दिसतो.

एक नुकसान मात्र टाळता आलं असतं. फेब्रुवारीत एका ट्रकने उडवलेला खारट चिखल ताईंनी मोज्याच्या पाठीने पुसला. मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर फिरले, डाव्या काचेच्या मधोमध ओरखडे. आतला लेप तर त्याआधीच कोरड्या कापडाने पुसून पुसून एका कोपऱ्यात गेला होता, आणि तिथे आता बरोबर रुपयाएवढी वाफ धरते. काच आधी पाण्याने धुवायची, मग मऊ कापडाने टिपायची, आतून घासायची नाही. हे चष्म्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं. चिठ्ठी डब्यात होती, डबा घरी होता.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टर पहिल्या आठवड्यात हवे होते. सतत पाणी येणाऱ्या डोळ्यांना आम्ही ‘थंडीच आहे, येणारच’ म्हणून सोडून दिलं. ताई तेव्हाच डॉक्टरांकडे गेल्या असत्या तर लेन्सवरची चर्चा, गॉगल, आणि बहुधा नव्या चष्म्याची घाईही टळली असती.

मी गॉगल देण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवे होते : निघता किती वाजता, आणि वाफ नेमकी कुठे धरते. दोन्हींची उत्तरं ताईंकडे होती. गॉगलला माझा विरोध नाही. लेन्स वापरणाऱ्या किंवा नंबर नसलेल्या माणसाला, उणे १५ च्या दिवशी, हेल्मेटशी जुळणारा आणि फिकट काचेचा गॉगल असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. पण ते माझं सुख होतं.

पडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ताई पुन्हा सायकलवर होत्या, त्याच चष्म्याने, त्याच माकडटोपीने. त्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मी म्हणतो, कारण कळेपर्यंत बसने जायला हवं होतं. त्या म्हणतात, बसने गेले असते तर वहीत लिहिलं काय असतं? यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण त्या ते ऐकत नाहीत.

कॉन्टॅक्ट लेन्सचा विषय पुढच्या तपासणीत पुन्हा निघेल. खांबाला आम्ही परावर्तक पट्टी चिकटवली आहे, आणि ताई पुलाचा उतार आता ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरतात, काचा लख्ख असल्या तरी.